टेरी कॅलिअर : खोक्यात न मावलेला गळा


आज ज्या गायकाबद्दल बोलायला उभा राहिलोय त्याचं नाव टेरी कॅलिअर. तुमच्यातल्या बहुतेकांनी ऐकलं नसेल. नसू दे. त्याच्या शिकागोतही कित्येकांनी ऐकलं नव्हतं.

जन्म १९४५. शिकागोत कॅब्रिनी-ग्रीन नावाची सरकारी गाळ्यांची वस्ती, तिथं हा काळा पोरगा वाढला. कर्टिस मेफील्ड, जेरी बटलर हे पुढं गाजलेले गायक त्याचे लहानपणचे सवंगडी. सतराव्या वर्षी चेस कंपनीनं पहिली रेकॉर्ड काढली. दौऱ्यावर निघायच्या बेतात होता, पण आई म्हणाली, आधी शिक्षण.

मग गिटार घेऊन कॉफीहाऊसमध्ये लोकगीतं गायला लागला. आता बाजाराचा हिशेब बघा. लोकगीत म्हणजे गोऱ्या कॉलेजकुमारांचा माल, सोल काळ्यांचा, जॅझ जाणकारांचा. तीन खोकी, तीन गल्ले. १९६४ साली यानं जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन समोर बसून ऐकला आणि हादरला. एवढा जीव आपण ओततो का? काही काळ गाणं थांबवून त्यानं नोकरी धरली. त्याच वर्षीच्या त्याच्या लोकगीतांच्या रेकॉर्डमध्ये साथीला दोन डबल बास आहेत. ती कल्पना कोल्ट्रेनकडची. म्हणजे लोकगीताच्या पोटात जॅझ! पण निर्माता टेप घेऊन मेक्सिकोला गेला आणि रेकॉर्ड बाजारात यायला वर्षं गेली.

पुढं बटलरच्या गीतकार कार्यशाळेत शिरला. ‘डेल्स’ या गटासाठी लॅरी वेडबरोबर लिहिलेलं गाणं चाललं, तेव्हा कॅडेट कंपनीनं दार उघडलं. सत्तरीच्या सुरुवातीला तीन अल्बम झाले. वाद्यमेळ चार्ल्स स्टेप्नीचा. ‘व्हॉट कलर इज लव्ह’ ऐका. एकटी गिटार, मग व्हायोलिनांचा लोंढा, आणि मधे हा गळा, चर्चमधल्यासारखा भरून आलेला. जाणकारांनी वाहवा केली, खप मात्र झाला नाही. दुकानदाराला कळेना, हे ठेवायचं कुठल्या फळीवर? १९७८ आणि ७९ मध्ये इलेक्ट्रा कंपनीकडून आणखी दोन अल्बम. मग तेही दार बंद.

१९८३. पोटची पोरगी सांभाळायची होती. गिटार बाजूला ठेवली, कॉम्प्युटर शिकला, शिकागो विद्यापीठात नोकरीला लागला, रात्री समाजशास्त्राचे वर्ग केले. याला कुणी पराभव म्हणतील. मी म्हणणार नाही. पोरीसाठी गिटार ठेवणारा बाप हरलेला नसतो. पण असा गळा आणि लेकराची भाकरी यातलं एक निवडायला लावणारी व्यवस्था नागडी आहे, एवढं म्हणेन.

पुढं लंडनच्या क्लबांतल्या पोरांना त्याच्या जुन्या रेकॉर्डी सापडल्या. तिथं पोरं त्यावर नाचत होती! हा रजा टाकून गायला जायचा, परत येऊन मुकाट टेबलावर बसायचा. ऑफिसात कुणाला पत्ता नाही. १९९८ साली ‘टाइमपीस’ अल्बम आला, संयुक्त राष्ट्रांचा शांतता पुरस्कार मिळाला, ऑफिसात बातमी पोचली आणि नोकरी गेली. मग गातच राहिला. २००९ साली शेवटचा अल्बम, ऑक्टोबर २०१२ मध्ये शेवटचा श्वास.

दोस्तांनो, गाणं कुठल्या फळीवर बसतं ते दुकानदाराला विचारू द्या. आपण विचारायचं, गाणाऱ्याच्या घरी चूल पेटलीय का?