शिकाऊ मानसशास्त्रज्ञ आणि आपली मुले
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



अमरावती-अकोल्याकडे बौद्धिक दिव्यांग बालकांची तपासणी करणाऱ्या नव्या मानसशास्त्रज्ञांना मार्गदर्शन करण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे. त्यातील एका चुकीविषयी आज बोलणार आहे. ती चूक शिष्येची होती. त्याहून अधिक माझी होती.

अकोल्यास एका सात वर्षांच्या मुलीला बैलगाडीचे चित्र दाखविले. ती म्हणाली, "बंडी." पुण्याकडून आलेल्या आमच्या शिष्येस बंडी म्हणजे अंगात घालावयाचे वस्त्र, एवढेच ठाऊक, तिने उत्तर चूक धरले. पुढे आईला विचारले, "मुलगी आपल्या हाताने जेवते काय?" आई "नाही" म्हणाली, तेही उणे झाले. बुद्ध्यंक निघाला आणि मी त्या कागदावर नीट न वाचताच सही केली.

हा अंक क्षुल्लक नव्हे. 2016 च्या कायद्यान्वये नोकरीतील व उच्च शिक्षणातील राखीव जागांस निदान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. आणि शाळेत तर मुलाच्या आधी त्याचा अंकच पोहोचतो.

पंधरा दिवसांनी ती माउली पुन्हा आली तेव्हा सहज बोलून गेली, "सांडते म्हणून मीच चारतो तिले. हात तं चांगला चालते तिचा."

व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची मापनश्रेणी नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांकरिता बसविली. तीत 89 बाबी आहेत आणि बहुतेकींचे उत्तर आईकडूनच मिळते. 'येत नाही' आणि 'करू दिले जात नाही' यांतील भेद त्या तक्त्यात छापलेला नाही. तो विचारणाऱ्याने ओळखावयाचा असतो. म्हणून आता नव्या माणसाकडून पहिले सहा आठवडे मी अंक काढवून घेत नाही. त्याने नुसते आयांजवळ बसावे, वऱ्हाडी ऐकावी. मेळघाटातील कोरकू बालकाची तर भाषाच निराळ्या कुळातील. तेथे दुभाष्यावाचून प्रश्न विचारणे हाच अन्याय.

आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. पाहुणे आले की आपल्यातील कित्येक घरांत असे मूल मागल्या खोलीत जाते. थोरल्या बहिणीची सोयरीक मोडेल ही धास्ती मी जाणतो. परंतु जे मूल चार माणसांत वावरलेच नाही, त्याचे गुण या मापनश्रेणीत हटकून घटतात; मग आमचा शिकाऊ माणूस त्याला आहे त्याहून मंद ठरवितो.

त्या मुलीची फेरतपासणी त्याच शिष्येने केली. मी भिंतीशी बसून होतो. तिने आधी मुलीपुढे वरणभाताची वाटी ठेवली आणि मग लेखणी उचलली.