अपिलाच्या दिवशी काय घडते?
(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गाच्या विषयपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘अपंगांचे प्रश्न’ एवढेच लिहिले आहे. विषय फार रुंद आहे, म्हणून तो मी मुद्दाम अरुंद करून घेणार आहे. शासनाकडे मदत मागणाऱ्या अपंग माणसाला एकदा नकार मिळाल्यावर तो अपील करतो, त्या अपिलाच्या सुनावणीत काय घडते आणि त्याच्यासोबत जाणाऱ्या कार्यकर्त्याने कसे वागावे, एवढ्यावरच मी बोलेन. सरकारी कागदावर आता ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे आणि डिसेंबर 2022 मध्ये त्या नावाचे स्वतंत्र खातेही महाराष्ट्रात निर्माण झाले. मला जुन्या शब्दाची सवय आहे. कुणाला तो खटकल्यास त्याने क्षमा करावी.

आपल्या भागातील बहुतेक अर्ज संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली होतात. अंतुले मुख्यमंत्री असताना 1980 साली ती सुरू झाली. जिच्यावर ज्यांचे नाव आहे त्यांच्याविषयी आपल्या पक्षातील जुन्या मंडळींना काय वाटते, हे आणीबाणीतील तुरुंगांच्या भिंतींना ठाऊक आहे. पण म्हणून योजनेचा फॉर्म भरून देण्यास आपण कधी नकार दिलेला नाही, आणि देऊही नये. अपंग लाभधारकांना या योजनेत दरमहा दीड हजार रुपये मिळत. ऑक्टोबर 2025 पासून ते अडीच हजार झाले. ज्यांचे अपंगत्व 80 टक्के किंवा अधिक आहे आणि जे दारिद्र्यरेषेखाली आहेत, त्यांच्यासाठी केंद्राची 2009 ची निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्यातील केंद्राचा वाटा तीनशे रुपयांचा आहे. तीनशे रुपयांत आज काय येते, हे येथे बसलेल्या भगिनींना मी सांगण्याची गरज नाही.

या सर्व रकमांच्या दारात एक आकडा उभा असतो, तो म्हणजे 40. 2016 चा अपंग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. पूर्वीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात एकवीस आहेत. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची भर म्हणजे सिकलसेल. परंतु प्रकार कोणताही असो, लाभ बहुतांशी 40 टक्क्यांपासून सुरू होतात. कार्डाचे रंगही त्यावरूनच ठरतात : चाळीसच्या आत पांढरे, त्यावर पिवळे, आणि ऐंशीपासून निळे. म्हणजे नकार हा नेहमी नकाराच्या रूपानेच येतो असे नाही. पुष्कळदा तो पांढऱ्या कार्डाच्या रूपाने येतो, आणि माणूस ते कार्ड जपून घरी नेतो, कारण आपल्याला काहीतरी मिळाले असेच त्याला वाटत असते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. मारेगाव तालुक्यातील एक भूमिहीन शेतमजूर माझ्याकडे आला. कापूस वेचताना पऱ्हाटीचे टोक डोळ्यात गेले, दुखणे अंगावर काढले, आणि एक डोळा कायमचा गेला. तपासणीत त्याला 30 टक्के मिळाले होते. तो म्हणाला, “अर्धी नजर गेली, तर पन्नास नाही का होत जी?” प्रश्न भाबडा वाटतो, पण वाजवी होता. मार्गदर्शक तत्त्वांत एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा चांगला असेल तर 30 टक्केच मिळतात. मंडळाने नियमाबाहेर काही केले नव्हते. आणि याच डोळ्याची किंमत दुसऱ्या टेबलावर वेगळी होते, हे तुम्ही ध्यानात घ्या. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एक डोळा गमावल्यास कमाईची क्षमता 40 टक्के घटली असे धरले जाई; नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. शेतकऱ्यांसाठी जी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात अनुदान योजना आहे, तिच्यात एक डोळा निकामी झाल्यास एक लाख रुपये मिळतात. परंतु सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यास आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीस. ज्याच्या मालकीच्या शेतात हा मजूर वेचणी करीत होता, त्या मालकाचा डोळा गेला असता तर लाख रुपये आले असते. मजुराचा गेला, तेव्हा पांढरे कार्ड आले. हा भेद कोणत्याही अपील मंडळापुढे मिटणारा नाही; तो विधानसभेत आणि रस्त्यावरच मिटवावा लागेल. सुनावणीस जाताना कोणते भांडण कोठे भांडावयाचे, हे आधी मनाशी पक्के करा.

आता अपिलाकडे येऊ. कायद्याच्या 58 व्या कलमाप्रमाणे अपंगत्व नाही असे ठरले, तर तसे अर्जदारास लेखी कळविणे बंधनकारक आहे. नियमांप्रमाणे कारणेही द्यावी लागतात. यासाठी पूर्वी एक महिन्याची मुदत होती, 2024 च्या दुरुस्तीने ती तीन महिन्यांची झाली. खिडकीवरच्या माणसाने ‘तुमचे होत नाही’ असे सांगितले, हा निर्णय नव्हे. तोंडी नकारावर अपील करता येत नाही, म्हणून तो कागद मिळविणे हेच पहिले काम. तो हाती येत नसेल तर माहितीच्या अधिकारात आपल्या तपासणीच्या कागदांची प्रत मागावी. अपिलाचा हक्क 59 व्या कलमात आहे आणि ते राज्य शासनाने नेमलेल्या प्राधिकरणापुढे, शासनाने ठरविलेल्या मुदतीत करावयाचे असते. प्राधिकरण कोठे बसते व मुदत किती, हे प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयालाच लेखी विचारावे आणि पोच घ्यावी. ऐकीव माहितीवर अर्ज चुकीच्या दारात टाकून महिने घालविलेली माणसे मी पाहिली आहेत.

‘सुनावणी’ म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर न्यायालय येते : काळा कोट, पुकारा, उलटतपासणी. मारेगावचा तो मजूरही असाच घाबरला होता. आदल्या रात्री त्याने मला विचारले की, शपथ गीतेवर घ्यावी लागते का. प्रत्यक्षात अपंगत्वाच्या टक्क्याविषयीचे अपील म्हणजे मुख्यतः फेरतपासणीच असते. एक खोली, एक टेबल, दोन-तीन डॉक्टर, एक लिपिक. बाहेर लांब वाट पाहणे, आत थोडी मिनिटे. उमरखेड किंवा झरी-जामणीकडच्या माणसाचा दिवस जाण्यायेण्यातच मोडतो, मजुरी बुडते, सोबत्याचीही बुडते. आणि इतके करून आत गेल्यावर चार प्रश्नांत सारे संपते. ही विसंगती त्याला आधी सांगून ठेवा, म्हणजे तो खचणार नाही.

आणि हेही सांगा की फेरतपासणीत टक्का वाढतोच असे नाही. तो तेवढाच राहू शकतो, कमीही होऊ शकतो. हे न सांगता माणसाला अपिलास नेणे म्हणजे त्याच्या भाकरीशी जुगार खेळणे होय. ज्याला 42 टक्के आहेत आणि ज्याचे अनुदान चालू आहे, त्याने वाढीव टक्क्यासाठी अपील करावे की नाही, हे त्याचे त्यालाच ठरवू द्या.

त्या चार प्रश्नांत काय होते, यावर मात्र मी थोडा रेंगाळणार आहे, कारण आपली माणसे तेथेच हरतात. डॉक्टर विचारतात, “चालता येते का?” आणि आपला माणूस ताठ होऊन म्हणतो, “हो जी, चालतो नं.” जन्मभर कुणापुढे हात न पसरलेला माणूस साहेबांसमोर आपली दुर्बलता सांगण्यास लाजतो. स्त्रियांची गोष्ट तर याहून अवघड. सासरच्यांना ऐकू जाईल म्हणून त्या दुखणे अर्धेच सांगतात. ‘चालतो’ हे खोटे नसते, पण अपुरे असते. किती अंतर चालतो? मध्ये किती वेळा बसावे लागते? दुसऱ्या दिवशी उठता येते का? पाण्याची घागर कोण भरते? हे आदल्या दिवशी त्याच्याशी बसून बोला आणि त्याच्याच शब्दांत एका कागदावर लिहून घ्या. वाढवून लिहू नका. लंगडणाऱ्याने अधिक लंगडून दाखविले की अनुभवी डॉक्टरच्या ते तत्काळ ध्यानात येते, आणि मग खरे दुखणेही खोट्यात जमा होते. फसवणुकीने अपंगांचे लाभ घेणाऱ्यास 91 व्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या ओळखीने खोटे प्रमाणपत्र मिळवून देणारा कार्यकर्ता आपल्याही पक्षात निघाला, तर त्याला आश्रय देऊ नका. त्याने प्रत्येक खऱ्या अपंगाच्या मागे संशय लावून दिलेला असतो.

मारेगावच्या मजुराची ही तयारी करताना तो खोलीत येरझारा घालीत होता, आणि मला दिसले की त्याचा उजवा पाय नीट पडत नाही. विचारले तर म्हणाला, “तो तर जुना आहे भाऊ, बंडीवरून पडलो होतो. मी तर डोळ्यासाठी गेलो होतो.” डोळ्यासाठी गेलो म्हणून डोळाच दाखविला! दोन अपंगत्वे असतील तर त्यांची साधी बेरीज होत नाही, एक सूत्र आहे. मोठा टक्का घ्यावा; नव्वदांतून तो वजा करून जे उरेल त्याला लहान टक्क्याने गुणावे, नव्वदांनी भागावे आणि येईल ते मोठ्या टक्क्यात मिळवावे. डोळ्याचे 30 आणि पायाचे 20 असतील तर बेरीज 50 नव्हे, 43 च्या आसपास येते. पण 43 म्हणजे चाळीसच्या वर! जुना क्ष-किरण फोटो त्याच्या घरात पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या कागदांखाली सापडला. तो आम्ही नेला, अपिलात पायाची तपासणी मागितली, आणि काही महिन्यांनी त्याचे पांढरे कार्ड पिवळे झाले. म्हणून एका अवयवापुरता अर्ज घेऊन आलेल्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत विचारा. कान, श्वास, फिट, मन. मनाचे आजारही कायद्यात आहेत, ते तर कुणीच सांगत नाही.

सिकलसेलचे अपील याहून निराळे. कोलाम, गोंड, परधान, आंध वस्त्यांतून हे रुग्ण येतात. तपासणीच्या दिवशी त्या मुलीला वेदनेचा झटका आलेला नसतो. ती समोर शांत उभी असते, आणि पाहणाऱ्याला वाटते, हिला झाले काय? त्या दिवशीचे शरीर तिची बाजू मांडू शकत नाही, जुने कागद मांडतात. किती वेळा दाखल झाली, किती वेळा रक्त चढविले, प्रत्येक वेळचे डिस्चार्ज कार्ड पाहिजे. पावसाळ्यात गळणाऱ्या झोपडीत हे कागद टिकत नाहीत. दहा रुपयांची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन द्या. आपल्या कित्येक ठरावांपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. मराठी नीट न येणाऱ्यासोबत कोलामी किंवा गोरबोली जाणणारा माणूस असू द्या, परंतु त्याने उत्तर भाषांतरित करावे, स्वतःचे देऊ नये. तीच गोष्ट आपलीही. आपण मागे बसावे. डॉक्टरांनी विचारले तरच बोलावे. घोषणा दाराबाहेर ठेवाव्यात. मोर्चाने अनुदानाची रक्कम वाढविता येते, एका माणसाचा गुडघा मोजून घेता येत नाही.

जखम कारखान्यातील असेल, जिनिंगमध्ये हात सापडला असेल, तर प्रश्न वेगळा : शरीर किती गेले हा नव्हे, तर कमाई किती गेली हा. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली निकाल दिला की, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्ण गेली असेच धरावे. असा दावा लढविताना माणूस पूर्वी कोणते काम करी, हे साक्षीत तपशीलवार आले पाहिजे. तेथे वकील लागतो. अपंगांना, स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि औद्योगिक कामगारांना 1987 च्या कायद्याने उत्पन्न न पाहता मोफत विधिसेवा मिळते, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यवतमाळच्या जिल्हा न्यायालयातच आहे. अपिलाच्या निर्णयानंतरही अन्याय राहिला तर पुण्याच्या अपंग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांना साक्षीदार बोलाविण्याचे व कागद मागविण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांची शिफारस नाकारणाऱ्या कार्यालयाला तीन महिन्यांत कारणे द्यावी लागतात. त्यापुढे नागपूर खंडपीठ. तेथवर जाण्याची वेळ क्वचित यावी.

मारेगावच्या त्या माणसाचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारालच. पिवळे कार्ड घेऊन तो तालुक्याच्या समितीकडे गेला, तेव्हा उत्पन्नाचा दाखला अडला. दाखल्याचा विलंब 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतो. मुदतीत न मिळाल्यास तीस दिवसांत पहिले अपील करता येते. आम्ही ते केले आणि दाखला आला, पण तोवर समितीची बैठक होऊन गेली होती. पुढच्या बैठकीत नाव मंजूर झाले. पहिला हप्ता बँकेत जमा झाल्याचे सांगावयास तो आला, तेव्हा सोबत शेजारच्या पोडावरची एक बाई होती. तिच्या हातात दोन वर्षांपूर्वीचे पांढरे कार्ड होते.

तालुकावार वह्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना महिन्यातून एक दिवस सोबत म्हणून जाता येईल, त्यांनी चहापूर्वी आपले नाव, गाव आणि येत असलेल्या बोली त्यात लिहाव्यात. झरी-जामणीच्या वहीत अद्याप कोलामी जाणणाऱ्या एकाचेही नाव नाही.