गुलाबी किती गुलाबी?



'नोकरी आणि मुलांच्या परीक्षा सोडून काहीही बोल,' असे आयोजकांनी बजावले आहे. म्हणून ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांबद्दल, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोंबद्दल बोलते. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. पण गेली आठ वर्षे नोव्हेंबर ते मे या काळातल्या बऱ्याच रविवारी मी ऐरोलीच्या बोटीत सापडते. घरच्यांनी आता विचारणेही सोडले आहे.

उडत्या पक्ष्याचा फोटो काढायला शिकले मात्र डोंबिवलीतच, गच्चीवरून, घारींवर. घार रोज हजर, आणि तिकीट नाही! उजळ आकाशासमोर घार काळी ठिक्कर येते, म्हणून एक्स्पोजर वाढवायचे. मोठ्या रोहितचे उलट. गडद तिवरांसमोर त्याचे पांढरे अंग जळून जाते, म्हणून तिथे कमी करायचे. शटर १/२००० सेकंदाच्या आसपास, फोकस डोळ्यावर, आणि पक्षी उडाला तरी त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवत राहायचे.

खरी कसोटी वेळेची. ओहोटीला पक्षी लांब चिखलात चरत असतात. भरती चढली की चिखल बुडतो आणि थवे उठतात. भरतीची वेळ काढण्याचे कोळी बांधवांचे गणित सोपे आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊच्या. आजोबांनी पाठ करून घेतलेली पाऊणकी मला इंजिनीअरिंगला कधी लागली नाही, ती खाडीत लागली. दुसरी गोष्ट वाऱ्याची. रोहित वाऱ्याकडे तोंड करून, पाण्यावर चार पावले पळत उडतो. वारा आपल्या पाठीमागून येत असेल, तर थवा समोरून येतो.

एका सकाळचे सहाशे फोटो निघतात, त्यातले दहा ठेवते. क्षितिज सरळ करते, पक्ष्याच्या पुढे थोडी मोकळी जागा राहील असे क्रॉप करते, आयएसओ वाढल्यामुळे आलेले दाणे कमी करते. इथपर्यंत माझ्या मनात शंका नसते. शंका येते ती रंगाच्या पट्टीपाशी. ती थोडी उजवीकडे सरकवली की अख्खा थवा गुलाबी होतो आणि लोक वाहवा करतात. पण रोहितचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातून, शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांतल्या रंगद्रव्यातून येतो. कोवळी पिल्ले करडी असतात, मोठी होईपर्यंत मळकट दिसतात. सगळ्यांना एकसारखे रंगवले, तर थव्यात यंदाची किती पोरे आहेत हे फोटोवरून कुणालाच कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी एका कॅलेंडरसाठी माझा फोटो निवडला गेला. अट एकच होती: मागचा विजेचा मनोरा आणि तारा पुसून द्या. आजच्या सॉफ्टवेअरला ते दहा सेकंदांचे काम. मी नाही म्हटले, आणि फोटो गेला. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले, ते आठवा. त्यांच्या आकाशात काय काय उभे आहे, याची नोंद आपल्यासारख्या हौशी लोकांच्या फोटोंतही राहते. आमच्या धंद्यात एक नियम आहे: लॉग बदलून बग सुटत नाही.

ही खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर स्थळांच्या यादीत गेली. लहानपणी लोकलच्या पुलावरून जाताना आपण जिला नाक दाबून ओलांडायचो, तीच ही ठाण्याची खाडी!

तर येत्या फेब्रुवारीत ऐरोलीला जाऊ या. तिथी पाहून तारीख मी कळवते. मोबाइल चालेल, दुर्बीण असेल तर उत्तम. कपडे भडक नकोत, गप्पा हळू. आणि बोटीतली पुढची जागा आपल्या बाईंना आणि सरांना. मागच्या बाकाची आपल्याला सवय आहेच.