एक सभासद, एक मत

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



पाच मिनिटांत आटपा असं सांगितलंय. बँकेतला माणूस आहे, वेळ पाळतो.

आपल्याकडे कुणाचं वन रूम किचन आहे, कुणाचा टू बीएचके. पण वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रत्येक सभासदाला मत एकच. कंपनीत जितके शेअर तितकी मतं. सहकारात मत माणसाला असतं, पैशाला नाही.

देशातही हे आपोआप आलेलं नाही. १९३५ च्या कायद्याखाली मतदानासाठी मालमत्ता, कर किंवा शिक्षण अशा अटी होत्या. त्यामुळे बहुतेक गरीब माणसं यादीबाहेरच राहिली. राज्यघटनेनं त्या अटी काढल्या आणि १९५१-५२ च्या निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार झाले. मात्र २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावलं होतं, की राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ राहिली, तर लोकशाहीच धोक्यात येईल.

हा धोका आपल्या जिन्यातही येऊ शकतो. थकबाकीदार सभासदाला समितीची निवडणूक लढवता येत नाही. नियम योग्यच आहे, वर्गणीशिवाय सोसायटी चालत नाही. पण इमारत आता २५ वर्षांची झाली. गळती, पाइपलाइन, लिफ्ट अशी मोठी कामं निघणार. एखाद्या घरात दोन पगार येतात, एखाद्या घरात नुसती पेन्शन. सगळी रक्कम एकदम मागितली, तर कुणीतरी थकणारच. थकला की निवडणुकीला उभं राहणं गेलं. सभेत बोलायला उठला, तर ‘आधी पैसे भरा’ असं कुणीतरी ऐकवतंच. मत शाबूत, पण तोंडाला कुलूप!

म्हणून तीन सूचना करतो. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी सभेत रीतसर ठराव करून हप्त्यांनी घ्यावी. जो हप्ते वेळेवर भरतो, त्याला थकबाकीदार धरू नये. खर्चाचा अंदाज महिनाभर आधी नोटीस बोर्डावर लावावा, म्हणजे घरोघरी हिशेब करता येईल. आणि सभेत मागच्या रांगेतल्यांना आधी बोलू द्यावं. पुढच्यांचा आवाज माइकशिवायही पोचतो!

या तीन गोष्टी येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात, अशी समितीला विनंती करतो.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.