दोन समुद्र, एक खलाशी

नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतून वाहणारी नासर्डी नदी गोदावरीला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. याच नाशिक जिल्ह्यात उगम पावणारी दमणगंगा मात्र अरबी समुद्र गाठते. पूर्वेच्या समुद्रात भारत आणि बांगलादेश यांची हद्द ठरली आहे. पश्चिमेला भारत-पाकिस्तानची अजून ठरायची आहे.

पूर्वेचा वाद बांगलादेशाने २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराखाली लवादापुढे नेला. पाच जणांच्या मंडळात पी. श्रीनिवास राव हे भारतीय होते. ७ जुलै २०१४ रोजी निकाल लागला. वादातल्या सुमारे २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला मिळाले. काही मुद्द्यांवर रावांनी वेगळं मत नोंदवलं. तरी भारताने निकाल मानला. मोठ्या देशाने लहान शेजाऱ्याशी असं वागावं, ही अभिमानाची गोष्ट आहे.

पश्चिमेची गाठ सर क्रीकपाशी बसली आहे. कच्छ आणि सिंध यांच्यामधली ही सुमारे ९६ किलोमीटरची दलदलीची खाडी. १९१४ साली सिंध मुंबई इलाख्यात होता, म्हणून कच्छ-सिंध हद्दीचा त्या वर्षीचा मूळ ठराव मुंबई सरकारचा. त्यासोबतच्या नकाशाच्या आधारे पाकिस्तान हद्द पूर्व काठावर धरतो, भारत खाडीच्या मध्यावर. कच्छच्या रणाचा लवादी निकाल १९६८ साली आला, पण त्यात ही खाडी नव्हती. २००७ मध्ये दोघांनी मिळून पाहणीही केली. तडजोड झाली नाही. आणि खाडीच्या मुखाशी हद्द कुठे, हेच ठरत नसेल, तर पुढे समुद्रात रेघ ओढायची कुठून?

याची झळ पालघर जिल्ह्यापर्यंत पोचते. डहाणू-तलासरीकडचे खलाशी हंगामात ओखा, पोरबंदरच्या बोटींवर कामाला जातात. मासळीमागे बोट पुढे गेली आणि पकडली गेली, की मुक्काम कराचीच्या मलीर तुरुंगात. भारताच्या तुरुंगांतही पाकिस्तानी मच्छीमार असतातच.

खरं तर दोन्ही देशांनी मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या त्याच सागरी कायद्याच्या कराराचं ७३ वं कलम स्पष्ट आहे: देशांत कैदेची मुभा देणारा समझोता नसेल, तर किनारी देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीच्या गुन्ह्याला कैदेची शिक्षा देता येत नाही. भारत-पाकिस्तानच्या २००८ च्या करारानुसार १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती तुरुंगांत जाऊन या माणसांना भेटत असे. तिची भेट ऑक्टोबर २०१३ नंतर थांबली. ती पुन्हा सुरू करायला सर क्रीकचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही.