आठवण ठेवायची ती कशी?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माहेर पोलादपूरच्या वर डोंगरात. पुढची शाळा लांब, म्हणून सातवीनंतर दप्तर सुटले. मंडळाने बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, "मी काय बोलणार?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "वहिनी, घरातलेच बोला." म्हणून घरातलेच बोलते.

2023 च्या दिवाळीनंतर माझे यजमान गेले. छातीत कळ आली आणि दोन दिवसांत सगळे संपले. त्यांचे नाव मी घेणार नाही. ते असताना फक्त उखाण्यात घेत असे, एरवी जिभेला सवय नाही. तुम्ही सर्वजणी त्यांना आमच्या किराणा दुकानामुळे ओळखताच.

लग्न होऊन महाडला आले, त्याला महिना झाला नसेल. एका रात्री दुकान बंद करून, जेवणे आटोपून हे बसले आणि खात्याची वही माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "हिशेब शीक." सासूबाईंना ते आवडले नाही. बाईमाणसाला गल्ल्याशी काय करायचे, असे त्यांचे म्हणणे. आईपुढे हे उलट बोलत नसत. पण दुसऱ्या रात्री वही पुन्हा पुढे आली. जमा कोणत्या बाजूला, नावे कोणत्या बाजूला, इथपासून सुरुवात. माझी बेरीज चुकली की हे रागवत नसत. "पुन्हा कर," एवढेच म्हणत. मला वाटे, त्यापेक्षा रागावलेले परवडले! पण तशाने मी शिकले. आज मी आणि मुलगा मिळून दुकान चालवतो, ते त्या रात्रींच्या जोरावर.

हे काही देव नव्हते. चहा जरा निवला की तोंड वाकडे होई. मुलीच्या शाळेच्या समारंभाला कधी वेळेवर पोहोचले नाहीत. उधारी मागायची लाज, त्यामुळे आमची ओढाताण होई आणि त्यावरून आमची भांडणेही होत. हे मी मुद्दाम सांगते. माणूस गेला की आपण त्याला देव करून टाकतो. देवाची पूजा होते. आठवण माणसाची येते, आणि मला तीच हवी आहे.

आता एकच प्रसंग सांगते. 2021 सालचा 22 जुलै तुम्ही कोणी विसरला नसाल. सावित्री आणि गांधारी दोघी गावात शिरल्या. त्याच दिवशी तळियेला डोंगर खाली आला आणि ऐंशीहून जास्त माणसे गेली. आमच्या पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळून माणसे दगावली. आमचे दुकान पार बुडाले. पाणी ओसरल्यावर पाहिले तो पोत्यांतले तांदूळ कुजू लागलेले, साखरेची पोती रिकामी, सगळीकडे चिखल. खात्याची वही फडताळात सापडली. पाने एकमेकांना चिकटलेली, अक्षरे पसरलेली.

आठ दिवसांनी हे म्हणाले, "नवी वही घे. मी आठवून सांगतो, तू लिही." हे सांगत गेले, मी लिहीत गेले. कोणाचे किती, कोणी मध्ये काय भरले, सगळे तोंडपाठ. असे सांगता सांगता तळियेकडच्या एका घराचे नाव आले. मी लिहायला घेतले. हे थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते राहू दे. तिथे मागायला कोणी नाही आणि द्यायलाही कोणी नाही." त्या ओळीची जागा मी कोरी सोडली. ती वही अजून आमच्याकडे आहे. पुढे कितीतरी माणसे आपण होऊन पैसे देऊन गेली. "तुमची वही बुडाली, आमची आठवण बुडाली नाही," असे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले.

हे गेल्यावर शेजारच्या ताईंनी मला वाचनालयातून एक पुस्तक आणून दिले. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'. रमाबाईंचे लग्न 1873 साली झाले. त्या 11 वर्षांच्या, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 31 वर्षांचे. त्यांनी या मुलीला घरात शिकवायला घेतले. घरातल्या बायकांना ते खपले नाही. मला वाचताना आमच्या घरातली वही आठवली. कुठे न्यायमूर्ती, कुठे आम्ही! पण नवऱ्याने बायकोला शिकवले म्हणजे कोणत्याही घरात थोडा गडबडगोंधळ होतोच.

16 जानेवारी 1901 ला रानडे गेले. रमाबाई 38 वर्षांच्या होत्या. काही काळ त्या घरातच राहिल्या. मग उठल्या. 1909 साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, तिथे बायका शिकून आपल्या पायावर उभ्या राहू लागल्या. आणि 1910 साली हे पुस्तक आले. रमाबाईंनी आठवण कोपऱ्यात बसून जपली नाही. लिहून जपली आणि काम करून जपली.

आता थोडे अवघड बोलते, रागावू नका. हे गेले त्या दिवशी माझे कुंकू पुसले, बांगड्या काढल्या. ज्यांनी ते केले त्या रडत होत्या, त्यांचा मला राग नाही. पण पुढच्या संक्रांतीला मंडळाचे हळदीकुंकू झाले तेव्हा मी खिडकीतून पाहत होते. मुलगी वाण घेऊन घरी आली आणि म्हणाली, "आई, तू का नाही आलीस?" मला उत्तर देता आले नाही. ज्या माणसाने मला गल्ल्यावर बसवले, त्याच्या आठवणीसाठी मी खिडकीआड बसायचे, हे त्यांना तरी पटले असते का?

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड गाव आहे. त्या गावाने 4 मे 2022 ला ठराव केला की कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या चाली आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितले. एका खेड्याला जे जमले ते आपल्या मंडळाला जमणार नाही का?

आपल्या गावाजवळून सावित्री वाहते. नाव ऐकले की वटपौर्णिमेची सावित्री आठवते. तिने आपला नवरा परत आणला. ते आम्हां साध्या बायकांच्या हातचे नाही. गेलेले माणूस येत नाही. राहिलेल्या बाईला मात्र घरातून बाहेर आणता येते, आणि ते तुमच्या हातात आहे.

येत्या संक्रांतीला मंडळाचे बोलावणे प्रत्येक घरी जावे, कोणतेही घर वगळून नव्हे, एवढेच माझे मागणे. तीळगूळ आमच्या दुकानातून येईल. हिशेब मी लिहीन.