‘आपण कोठून बोलता?’
(रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातील सेवेविषयी केलेले भाषण)



रुग्णवाहिका म्हटली की तिचा फिरता दिवा आणि भोंगा आठवतो. परंतु चाके हलण्यापूर्वी एका खोलीत कोणीतरी दूरध्वनी उचललेला असतो. त्या व्यक्तीचा चेहरा रुग्णाला कधीच दिसत नाही.

लंडन शहरात ३० जून १९३७ रोजी ९९९ हा तातडीचा क्रमांक सुरू झाला. भारतात १०८ क्रमांकाच्या सेवेचा आरंभ १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबाद येथे झाला. महाराष्ट्रात ती २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली आणि तिचा नियंत्रण कक्ष पुण्यात उभारण्यात आला.

या कामातील पहिला प्रश्न ‘काय झाले?’ हा नसून ‘आपण कोठून बोलता?’ हा असतो. वडगाव किंवा पिंपळगाव नावाची गावे राज्यात अनेक आहेत. तालुका व जिल्हा कळला नाही, तर वाहन भलत्याच वाटेला लागावयाचे.

नवखा कर्मचारी ठरलेले प्रश्न क्रमाने विचारतो. अनुभवी कर्मचारी त्याबरोबरच उत्तरामागचे ऐकतो. ‘रुग्ण बेशुद्ध आहे, पण घोरतो आहे’ असे कोणी सांगितले, तर ती झोपेतील घरघर नसून हृदय बंद पडल्यावरचे आचके असू शकतात, हे तो जाणतो. एकीकडे वाहन रवाना होत असते. दुसरीकडे तो घाबरलेल्या मुलाकडून वडिलांच्या छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, दाब देववून घेत असतो. ही जाण केवळ प्रशिक्षणवर्गात येत नाही. ती वर्षानुवर्षांच्या सेवेतून येते.

म्हणूनच असा माणूस टिकणे महत्त्वाचे ठरते. रात्रपाळी, आक्रोश, शिवीगाळ आणि खोडसाळ दूरध्वनी यांनी मन थकते. त्याहून अधिक बोचते ते पुढे काय झाले हे न कळणे. बुडालेल्या बालकाची हाक संपते न संपते, तोच पुढची घंटा वाजते. मन कठोर करणे हा त्यावरील उपाय नव्हे. कठीण प्रसंगानंतर थोडी उसंत, ज्येष्ठ सहकाऱ्याशी मोकळे बोलणे आणि शक्य तेथे रुग्णाची वार्ता कळविणे, एवढ्यानेही बळ मिळते. हाक घेणारा पुढे वाहनांचे नियोजन करणारा, पाळीप्रमुख व प्रशिक्षक होऊ शकला, तर नोकरीचे रूपांतर आयुष्यभराच्या सेवेत होते. तो मध्येच निघून गेला, तर त्याचे शहाणपणही त्याच्याबरोबर जाते.

या कार्यात गावाचाही वाटा आहे. ग्रामपंचायतीने शाळेच्या व चावडीच्या भिंतीवर गाव, तालुका, जिल्हा आणि जवळची खूण ठळक लिहावी. शिक्षकांनी मुलांकडून ती पाठ करून घ्यावी. रात्री एकाने बॅटरी घेऊन फाट्यावर उभे राहावे आणि सांगितल्यावाचून दूरध्वनी बंद करू नये. पलीकडच्या माणसाच्या अनुभवाला अलीकडून असे नेमके उत्तर मिळाले, तरच रुग्णवाहिका वेळेवर दारी पोहोचेल.